ऑर्गनची किल्ली

दाताच्या डॉक्टरकडे माझा नंबर यायला वेळ होता. शेजारी मावशी आणि भाचा बसले होते. भाच्याला रविवारी चर्चमधल्या तरुणांना इतिहासाचा पहिला धडा द्यायचा होता.

"मावशी, सुरुवात आपल्याच चर्चपासून करतो. बांधलं कोणी, शाळा काढली कोणी, आजाऱ्यांची सेवा केली कोणी."

"आणि भांडलं कोणी?"

"ते कशाला उकरून काढायचं? ख्रिस्ती नजरेनं इतिहास शिकवायचाय. चांगलं तेवढं सांगायचं."

"मग ती जाहिरात झाली रे. प्रभूचा पट्टशिष्य पेत्र, त्यानं प्रभूला ओळखत नाही म्हणून सांगितलं, तेही तीनदा. बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत आहे. आपल्याच माणसांनी लिहिलंय. त्यांनी झाकलं नाही, तर तू कोण लागून गेलास मोठा?"

"बरं. मग आपलं गायनमंडळ फुटलं, तेही सांगतो. ऑर्गनची किल्ली कोणी लपवली होती, तेही सांगतो. सांगू ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आईनं."

"तिच्या पोटात काही राहील तर शपथ. सांग, खुशाल सांग. पण पेत्राला प्रभूनं पुन्हा जवळ केलं, तेही लिहिलंय. अर्धाच इतिहास सांगू नकोस."

"म्हणजे तुलाही कोणी माफ केलं?"

"केलं की. जी ऑर्गन वाजवायची, तिनंच. आत दाढ काढून घेतेय बघ. तू बाहेर बसलीस तरच आत जाते, म्हणाली."