नागऱ्याचे सोमवार

हॅलो?… हॅलो, कोण?… जोरात बोला, आवाज तुटून येऊन राहिला… कोण, रेणू? अगं बाई, तू! दुर्गहून? भर दुपारी?

हो, हो, मीच. गिरजा वहिनीच. दुसरं कोण उचलते इथं फोन? तुझे दादा वावरात गेले, आई अंगणात उन्हाले बसली आहे, आणि मी लाखोरीची पालेभाजी निवडून राहिली होती… बोल ना.

रडून राहिली का तू?… मंग हसून राहिली?… दोन्ही? अगं नीट सांग. सासू काही बोलली का?… नाही? जवाईबापू बरे आहेत ना?… मंग?

…

काय?

…पुन्हा म्हण.

अगं माझी बाई! खरं?… डाक्टरीणबाईनं सांगितलं? पक्कं?… तिसरा संपला? आणि आता सांगते होय!… हो, हो, बरोबर केलं. मागच्या वेळेस घाई झाली होती सांगायची… नाही, रडत नाही मी. भाजीचा हात लागला डोळ्याले… लाखोरी झोंबत नाही? तुले काय माहीत, यंदाची झोंबते.

थांब, आईले हाक मारते… नको? काऊन?… आधी माझ्याशीच बोलायचं आहे? बरं. बोल.

…

माझे कायले उपकार? मी काय केलं?

…

सोमवार. हो… ते सोमवार.

नाही अगं, तसं काही नाही… अगं ऐक ना… माझ्या सोमवारानं कुठं… गोळ्या बी तर खात होती ना तू? रायपूरले जाऊन तपासणी केली ना? त्याचंच असन ते… नाही, महादेवाले नावं नाही ठेवत मी. महादेव आहेच. मी म्हणते, माझं त्यात… साधेपणा? कायचा साधेपणा गं!

हो, आठवते. इथंच, ओसरीत, आईसमोर बोलली होती मी. रेणूची कूस उजवेपर्यंत दर सोमवारी नागऱ्याच्या महादेवाले जाईन… हो, एकटीच. उपास धरून… पाणी बी न पिता, हे आईनं जोडलं. मी नव्हतं म्हटलं… तुझ्या सासरी सगळ्यायले सांगितलं? बालाघाटवाल्या काकीले बी? अरे देवा…

काय म्हणते काकी? वहिनी असावी तर अशी?… रेणू, चूप बस ना थोडी… रागावली नाही. ऊन लागून राहिलं मले… हो, ओसरीत. लागते ओसरीत बी.

उद्यापन? कोणाचं?… नवसाचं. हो, ते तर करावं लागते… गावजेवण? जवाईबापू म्हणतात?… आणि मले लुगडं? नको. नाही, नाही, रेणू, लुगडं नको. हिरवं बी नको, कोणतंच नको. ते अंगावर घातलं तर चावन मले… तसंच. काही कारण नाही.

…

हो… हो. आता सुटली मी. नवस फळला, आता जायची गरज नाही… ऑटोची वाट पाहणं नाही, उपास नाही. सोमवारी घरीच… आराम. हो.

…

नाही, आहे मी. फोन नाही कटला.

रेणू, तू उभी आहे का बसली आहे?… बस. पाठ टेकून बस… तब्येतीचं नाही काही. वाईट आहे, पण तब्येतीचं नाही. थांब, ओसरीचं दार लोटते… मेला वायर पुरत नाही… हं.

मी तुझ्यासाठी काहीच मागितलं नाही.

…नागऱ्याले. महादेवापाशी… जात होती ना, जात होती पक्की. एक सोमवार चुकवला नाही. पण आत नव्हती जात. बाहेरूनच हात जोडायची, एका पायातली चप्पल काढून… हसू नको, खरं सांगून राहिली… तिथून मागच्या बाजूले जायची, चिंचेखाली. आणि बसायची.

बसायची. बस.

…काही नाही करत. पाय लांब करते. डोक्यावरचा पदर पाडते… कोण पाहते तिथं? फुलवाली जमुनाबाई असते, तिची पाठ माझ्याकडे. बगळे पाहते. कधी झोपते… हो, तिथंच, पदर तोंडावर घेऊन. कधी रडून घेते. कधी गाणं म्हणते… हळू म्हणते गं, महादेवाले बी ऐकू जात नसन. मंग ऑटोत बसून घरी येते, आणि आई सगळ्यायले दाखवते, पहा, उपासानं चेहरा कसा उजळला. उपासानं कायचा रेणू… आलूबोंडा खात होती मी.

…हो. सोमवारी. गरम. तळलेल्या मिरचीसंगं.

…एक नाही.

हस. हस तू. मले माहीत आहे, मंग रडशील.

…काऊन म्हणजे? काऊन ते मलेच कुठं समजत होतं. माझा टिकेश दहावीत होता ना, त्या साली… कणकेत मीठ टाकायचं विसरली आणि परातीपुढं रडत बसली. थांबेचना… नाही, कोणी काही बोललं नव्हतं, तेच तर! बोललं असतं तर बरं झालं असतं, त्याच्या नावानं रडली असती. तुझे दादा हात उचलत नाहीत, दारू पीत नाहीत, कोठीत धान आहे, पोरं शिकून राहिली. मंग कोणाले सांगू, की सकाळी डोळा उघडला की छातीवर पाटा ठेवल्यासारखं होते? लोक म्हणतील, सुख टोचून राहिलं हिले. मी बी तेच म्हणत होती स्वतःले… म्हशीवर ओरडायची. टिकेशवर एकदा… जाऊ दे. त्याले आठवत नसन. मले आठवते.

हो, नेलं ना डाक्टरकडे, गोंदियाले. त्यानं गोळ्या दिल्या झोपेच्या, आणि म्हणे, ‘बहनजी, थोड़ा टाइम अपने लिए निकालो.’ मी म्हटलं, कुठून काढू? कोठीत भरून ठेवला आहे का?… खरंच म्हटलं. तो हसला. मी नाही हसली.

घरी येऊन आईले सांगितलं, डाक्टर म्हणे रोज थोडं एकटं बसत जा. आई म्हणे, बस ना बाई, कोण नाही म्हणते. तांदूळ घे निवडायले आणि बस.

…हो, हसू येते आता. तेव्हा सूप फेकून मारावं वाटत होतं.

आणि त्याच आठवड्यात तुझा फोन आला. जाऊबाईच्या पोराच्या बारशात तुले पाळण्यापासून उठवलं म्हणून… हो, तोच. तू तिकडून रडत होती, इकडं आई दिवसभर जेवली नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं, मी जाते नागऱ्याले. तेव्हा खरंच तुझ्यासाठी निघालं होतं रेणू, टिकेशची आण. पहिल्या सोमवारी नारळ बी नेला. पण तिथं थोडी टेकली आणि… कोणी हाक नाही मारली. कोणीच नाही. ‘वहिनी’ नाही, ‘आई’ नाही, ‘अगं ऐकते का’ नाही. नारळ तसाच पिशवीत. घराची पायरी चढताना आठवलं, रेणूचं मागायचं राहून गेलं. म्हटलं, पुढल्या सोमवारी मागू. पुढल्या सोमवारी बी तसंच. मंग लाज वाटायले लागली. हिच्या नावावर आपण मजा करून राहिलो, आता कोणत्या तोंडानं मागू?

…थांब, एवढंच नाही. एवढंच असतं तर मी लुगडं बी घेतलं असतं.

एकदा मनात आलं… आपोआप आलं, मी नाही आणलं… की रेणूले दिवस गेले तर माझे सोमवार जातील.

…

रेणू?

…बोल ना. शिव्या दे. अगं तू पाणी पी थोडं. जवाईबापू आहेत का जवळ?

…

काय?… तू बी?… सोमवारी?

…सोमवारी तुले झोप लागत होती.

…नको सांगू मले. हे नको सांगू… हो. हो, ऐकते… सासरच्या सगळ्या बोलल्या तरी त्या दिवशी मनाले लागत नव्हतं. का, तर कोणीतरी उपाशी बसली आहे आपल्यासाठी… आणि मी तिथं मिरची चावून… रेणू, मले जमिनीनं पोटात घ्यावं वाटून राहिलं. खरंच.

…एकदा बी आत नाही गेली? खोटं नाही बोलत आता. एकदा. तुझं मागच्या वेळेस गेलं ना, दवाखान्यातून फोन केला होता तू… त्या सोमवारी मी चिंचेखाली नाही बसली. आत गेली, सरळ पिंडीपुढं, आणि भांडली… हो, भांडली. मागितलं नाही काही. म्हटलं, तुले लाज कशी नाही वाटत, माझ्या पोरीले असं करून राहिला. पुजारी घंटा वाजवायची विसरला… अगं, ते मागणं नव्हतं. भांडण होतं… तू धर नवस त्याले. मी नाही धरत.

…आता तू काय नवीन काढून राहिली?… आईले असं सांगशील, की नवस बाळंतपणापर्यंतचा आहे?… मंग लेकरू चालायले लागेपर्यंत?… मंग शाळेत जाईपर्यंत? रेणू! तुझं लेकरू बीए होईपर्यंत मी जात राहीन, असं?

…नको. हसली तरी नको. एकदा तुझ्या रडण्यावर बसली, आता लेकराच्या जिवावर नाही बसत मी. मले तिथं झोप नाही येणार.

…काय करीन? माहीत नाही… आत जाईन येत्या सोमवारी. दोन्ही चपला काढून. सुखरूप सुटू दे म्हणून मागते, तुझं नाव घेऊन, तुझ्या सासरचं बी घेते… मंग? मंग मागं जाऊन बसते. कोणासाठी म्हणजे… माझ्यासाठी. पाह्य, म्हणताना जीभ कशी अडखळते. नवस म्हणत होती तेव्हा किती सरळ निघत होतं तोंडातून!

अगं, दार वाजलं… आई.

आई, रेणू आहे. दुर्गहून… काय? कधीच्या उभ्या आहे तुमी?

…रेणू, आईनं ऐकलं. कुठपासून माहीत नाही… आई, कुठपासून?… आलूबोंड्यापासून. घे. एऱ्हवी दूध उतू जाते समोर, तर ऐकू येत नाही हिले.

फोन नको ठेवू. तू राह्य माझ्यासंगं.

आई… हो. खोटं होतं. नवस बोलली, पण… बसायले जात होती. नुसतीच बसायले… हो, तुमचे पाय धरते, पण अजून एक सांगते. येत्या सोमवारी बी जाणार आहे मी.

…

रेणू, पाहून राहिली माझ्याकडे… अजून पाहून राहिली… उंबऱ्यावर बसली.

काय आई?

…रेणू, विचारते, चिंचेखाली सावली असते का दुपारी.

असते ना आई. चांगली असते… बगळे? हो, असतात… रेणू, म्हणते, मी या घरात आली तवापासून रिकाम्या हातानं कुठंच बसली नाही. म्हणते, उन्हात बसते तरी वाती वळते… आता म्हणते, मी बी येते सोमवारी तुझ्यासंगं.

येते म्हणते! हसू नको, पोटाले जपून हस… काय करू मी? हो म्हटलं तर गेलं सगळं. ऑटोत बसल्यापासून कोणाची सून कशी आणि कोणाचा धान किती. आणि नाही कसं म्हणू? म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं… तू काय म्हणते?… माझं मीच ठरवू? छान. लय मदत केली.

आई. ऐका ना. तुमी जा. पक्क्या जा. जमुनाबाईले सांगून ठेवते, सपाट जागा दाखवन तुमाले. ऑटोत मी बसवून देईन, त्या दिवशीचं घरचं सगळं मी पाहीन. वाती बी वळीन… पण बुधवारी जा.

…हो, एकट्या.

…नाही आई, सोमवारी नाही. सोमवार माझा आहे.

…

तोंड फिरवून बसली, रेणू… हो. हो, लय वाईट वाटून राहिलं मले. नाही. नाही देत. वाईट वाटू दे, पण देत नाही.

थांब, हात लांब केला तिनं. फोन मागून राहिली… घ्या आई. गोड बातमी आहे, लेकीच्याच तोंडून ऐका. तिथंच बसून ऐका, उठू नका…