भांडण एकाशी, पुसली सगळी भावकी

हसू नका राव! चऱ्होलीत प्लॉटिंगच्या रस्त्यावरनं थोरल्या चुलतभावाशी माझं वाजलं. पोरीचं लग्न तोंडावर, आन् मी म्हणलं, भावकीतलं एकबी कुत्रं बोलवायचं न्हाई.

तेवढ्यात पोरगी कंपनीच्या फोनवर म्हणाली, "फ्लश लई होतोय, त्यानंच सगळं स्लो हाय."

मी भडकलो. "तुला इंजिनियर केली ती संडास बघायला व्हय?"

ती हसाय लागली. "अप्पा, कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालतो. कुठलं सामान कुठं ठिवलंय, ते पत्ते त्याला पाठ असत्यात. एक पत्ता बदलला की येडं समदेच पुसतंय, त्यालाच फ्लश म्हणत्यात, आन् परत विचारत बसतंय. बदललाय तेवढाच पुसायचा, हे माझं काम. तुमचंबी तसंच. भांडण एकाशी, पुसली सगळी भावकी!"

मी म्हणलं, "लाव फोन समद्यांना. थोरला तेवढा पुसलेला ऱ्हाऊ दे."