एका नावाच्या दोन नोंदी

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीपाशी माझ्यापुढे एक आजोबा उभे होते. त्यांची बायको मागच्या बाकावर बसली होती. खिडकीतली मुलगी म्हणाली,

"आजोबा, आजींच्या दोन नोंदी दिसतायत."

"दोन कशा? नाव तर तेच आहे."

"आपल्याला तेच दिसतं. पण जुन्या कॉम्प्युटरने तीच अक्षरं आत वेगळ्या आकड्यांनी साठवली होती. मशीन आकडे जुळवतं, आणि ते जुळले नाहीत की म्हणतं, या दोन वेगळ्या बायका आहेत."

"जुन्या नोंदीत काय आहे?"

"दोन बाळंतपणं. हाताचं फ्रॅक्चर. चष्म्याचा नंबर."

"आणि नव्या?"

"विसरण्याच्या आजाराची औषधं. फक्त तेवढंच."

"हं."

"दोन्ही एकत्र करते. ही एकच व्यक्ती आहे, असं लिहून सही द्या. एकदा जोडलं की पुन्हा वेगळं करता येत नाही बरं का."

"नकोच आहे वेगळं. पेन द्या."

"काका," बाकावरून आजींनी विचारलं, "तुमच्याबरोबर कोणी आलंय का?"

"आलंय ना. माझी बायको आलीय."

"मग तिला उभं नका ठेवू. इथे बसू दे, मी सरकते."

"बसलीय ती," आजोबा म्हणाले आणि सही करून त्यांनी कागद आत सरकवला.