थेंबातला दुसरा ठिपका

थांब, थांब — ब्लेड ठेव आधी खाली. ठिपका कुठं पळून जात नाही. आधी चौकट बघू. हे पुठ्ठ्याचे दोन काटकोन घे, फोटोवर असे सरकव — डावीकडची काडी जाऊ दे बाहेर — गेली? आता थेंब कसा मोकळा झाला बघ! तू अगदी मधोमध बसवला होतास, अविनाश, कुंकू लावल्यासारखा. थोडा उजवीकडे येऊ दे, गवताच्या पात्याला वाकायला जागा हवी की नको? हवी. आणि तो उजळ कोपरा — प्रिंट काढताना बाकीचं झाकून तेवढ्यालाच चार सेकंद जास्त उजेड दे, काळवंडेल आपोआप.

कुठला? भिंतीवरचा? तो माझाच. पिंजौरच्या बागेतला. सेक्टर सतराच्या प्रदर्शनात दुसरं बक्षीस मिळालं त्याला — परीक्षक सरदारजी होते, म्हणाले, ‘देवधरजी, बूंद एकदम साफ है जी.’ साफ! शैलजा बघत नाही त्याच्याकडे. मघाशी चहा ठेवून गेली ना, भिंतीकडे पाठ करूनच गेली. पाच वर्षं झाली, असंच. काढून का टाकत नाही म्हणतोस? नाही टाकवत, बाबा.

लीना बरोबर होती त्या दिवशी. माझी मुलगी — तू इथं बदलून आलास त्याच्या आधीची गोष्ट. नऊ वर्षांची. रविवारी पहाटेच्या बसनं गेलो दोघंच, दंव उडायच्या आत. वारा होता, पातं हलत होतं, तर तिला म्हटलं, पलीकडं उभी राहा, हात पसर, वारा अडव. राहिली बिचारी — तिच्या आईनं, शैलजानं, विणलेलं पांढरं स्वेटर, हात असे दोन्हीकडे — दहा मिनिटं हलली नाही. मग म्हणते, ‘बाबा, एक मेरी भी लो ना.’ हिंदीतच बोलायची, काय करणार, इथंच वाढलेली. रोलवर एकच फोटो उरला होता. मी म्हटलं, पुढच्या वेळी. आणि तो एकही थेंबावरच घालवला.

घरी आल्यावर मोरीत अंधार करून प्रिंट काढली. ओलीच होती अजून, माझं भिंग घेऊन ती त्यावर वाकली. ‘बाबा, इसमें मैं हूँ! उल्टी!’ मी हसलो. म्हटलं, वेडाबाई, तो उजेडाचा डाग आहे. सूर्याचा एक ठिपका थेंबात शोभतो, दुसरा आला की नजर फुटते — तुला आत्ता हेच सांगणार होतो बघ. निगेटिव्हवर तो डाग काळा असतो, ब्लेडच्या टोकानं हळूच खरवडायचा. खरवडला. बाजूला दोन बारीक शेपट्या होत्या त्याला, त्याही. ती शेजारी बसून बघत होती. ती कच्ची प्रिंट फाडून टाकली मी — डाग होता ना!

जुलैत मेंदूज्वर झाला. चार दिवस.

तसे तिचे फोटो आहेत रे — शाळेचा आहे, वाढदिवसाचे आहेत. पण मी लॅबमध्ये दिवसभर करतो काय? भिंगं तपासतो. भिंगातून पलीकडचं उलटं दिसतं हे शिपायालाही माहीत आहे आमच्या. आणि थेंब म्हणजे दुसरं काय असतं? ती गेल्यावर महिन्यानं, बाकावर एक भिंग लावलं होतं, पलीकडून लॅबमधला कृष्णकांत पांढऱ्या कोटात आला, हात पसरून आळस दिला त्यानं, भिंगात उलटा दिसला — आणि मला त्या शेपट्या आठवल्या. हात होते ते, अविनाश. वारा अडवत होती. पोर खरं सांगत होती, आणि मी तिच्यादेखत —

असो. आण इकडं तुझा फोटो. भिंग दे. तुझ्या थेंबात कोण आहे ते बघू दे आधी. कोणाला उभं केलं होतंस पलीकडं? कोणालाच नाही? नक्की? … चौकोनी आहे. वर पाय — उलटं धरतो — हां. गच्चीवरची पाण्याची टाकी आहे, तुमच्याच ब्लॉकची. खरवड मग. टाकी काही म्हणाली नव्हती, माझा फोटो काढा म्हणून.

नाही, इथं नको. त्या ब्लेडचा आवाज होतो बारीक. घरी जाऊन कर. कपबशी राहू दे, मी नेतो आत. जा आता.