तात्यांचे जाहीर आभार

तात्यांशी समोरासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तर फ्लेक्स लावला. आमच्या तिसगावात पोरांना खेळायला ग्रामपंचायतीची एकच मोकळी जागा, आणि शेजारच्या तात्यांनी तिथे कडबा रचून कुंपण घालायला घेतलेलं. आम्ही मित्रांनी फ्लेक्सवर तात्यांचा फोटो छापला, खाली ‘मुलांसाठी मैदान मोकळं केल्याबद्दल जाहीर आभार!’

सकाळी सरपंचच हार घेऊन हजर. "तात्या, लई मोठं मन हाय तुमचं!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. तात्यांनी गुपचूप हार घालून घेतला, गड्याला कडबा उचलायला सांगितलं आणि सरळ माझ्याकडे आले.

"फ्लेक्स तूच लावला ना?"

"व्हय, तात्या."

"मंग आधार कार्डावरचा फोटो कशाला? फेट्यातला मागायचा की, येड्या!"