उतरत्या काठाची काठवट

उपस्थित मुरुमकर बंधुभगिनींनो, आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या महादेवी,

मलप्पा सुतारांना जाऊन आज अकरा दिवस झाले. दुकाने अर्ध्यावर बंद करून, शेतातली कामे टाकून आपण वाचनालयाच्या या सभागृहात आलात. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. बोलणे हाच माझा व्यवसाय होता. आज तो जमेल याची खात्री नाही, म्हणून लिहून आणले आहे. मध्ये थांबलो तर सांभाळून घ्या.

मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. मलप्पांची काठवट ही कलाकृती होती. आणि तिच्या ज्या भागाला याच सभागृहात दोष म्हटले गेले, त्या भागामुळेच ती कलाकृती होती.

प्रथम वस्तू पाहू. भाकरी थापायची काठवट आपणा सर्वांना ठाऊक आहे. बाभळीचा एक अखंड ठोकळा, आतून कोरलेला, भोवती काठ. मलप्पांच्या काठवटीचा काठ मात्र एका बाजूला दोन बोटे खाली उतरत असे. डोळ्याला ते खटकायचे. एखादे नवे गिऱ्हाईक विचारायचे, "काय मलप्पा, वाकस घसरली व्हय?" ते हसायचे. हातातली लाकूड तासायची वाकस थांबत नसे.

आता त्यांची पद्धत पाहू. एकट्या पुरुषाला ते काठवट विकत नसत. मी स्वतः एकदा रिकाम्या हाताने परत आलो आहे. "सर, बाईसाहेबांना घिऊन या. जिचा हात फिरणार, तिचं माप लागतंय." मग बाई आली की ते लाकडावर पीठ भुरभुरायचे आणि म्हणायचे, "हात ठेवा, ताई." पिठात पंजा उमटायचा. मनगट कुठे येते ते बघून पेन्सिलीने एक रेघ ओढायचे. बस. मला तो नखरा वाटला. मी तसे बोलूनही दाखवले. घरी आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, चप्पल घेताना पाय नेता ना?" मी वर्तमानपत्र उघडले आणि काठवट घ्यायची राहून गेली.

त्यानंतर वाचनालयाचे कलाप्रदर्शन आले. निवड समितीचा अध्यक्ष मी. लाकडावर कोरलेले मोर होते, वेलबुट्टी होती, देवांच्या मूर्ती होत्या. त्यांच्या रांगेत मलप्पांनी आपली काठवट आणून ठेवली. मी पट्टी काढली. काठ मोजला. आणि अर्जावर शेरा लिहिला: "काठ असमान. कारागिरी सदोष. अपात्र." एवढ्यावर मी थांबलो नाही. नियमानुसार तो सर्वांसमोर वाचला.

मलप्पा उठले. आवाज चढवला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "सर, तुमी भाकरी थापली हाय का कधी?"

मी म्हणालो, "हा प्रश्न अप्रस्तुत आहे."

सभागृह हसले. आपल्यापैकी काही जण तेव्हा इथेच होते. हसणाऱ्यांत होते. मलप्पांनी अर्ज मागून घेतला, काठवट काखेत मारली आणि ते गेले. त्या दिवसापासून गावात तिचे नाव पडले, "वाकडी काठवट".

सज्जनहो, तो प्रश्न अप्रस्तुत नव्हता. त्या दिवशी या सभागृहात विचारला गेलेला तो एकच प्रस्तुत प्रश्न होता.

हे मला कळले ते स्वयंपाकघरात. आमच्या बाईसाहेबांचा हात मोडला, प्लॅस्टर घातले, आणि त्या स्टुलावर बसून मला भाकरी शिकवू लागल्या. घरात सरळ काठाची जुनी काठवट होती. मी थापायला लागलो की मनगट काठावर आपटायचे. भाकरी फिरेना. उचलायला गेलो की काठाशी दुमडून तुटायची. त्या म्हणाल्या, "भाकरी थापताय का भिंत लिंपताय?" तिसऱ्या दिवशी मनगटावर वळ उठला. मी तो वळ पाहिला, पट्टी आणली आणि काठ मोजला. मनगट अडू नये म्हणून तो बरोबर दोन बोटे खाली हवा होता.

मी तसाच मलप्पांच्या कारखान्यात गेलो. त्यांनी मनगटावरचा वळ पाहिला. लाकडावर पीठ भुरभुरले आणि म्हणाले, "ठेवा हात. आता तुमचं माप घेतो." त्या काठवटीत माझी भाकरी फिरली. गोल झाली असा दावा मी करणार नाही, पण फिरली. उतरत्या काठावरून अलगद हातावर आली. तेव्हा मला ती वस्तू पहिल्यांदा दिसली. तिच्यात वाढवण्यासारखे काही नव्हते, काढण्यासारखेही नव्हते. मोराची पिसे मोजून मी ज्याचा शोध घेत होतो, ते त्या दोन बोटांत होते.

मी म्हणालो, "मलप्पा, मी चुकलो."

ते म्हणाले, "मला कशाला सांगता? मला म्हाईतच हाय. ज्यांच्या म्होरं वाचलं, त्यांना सांगा."

मी होय म्हणालो. आणि सांगितले नाही. पुढच्या प्रदर्शनात सांगू, मग त्याच्या पुढच्या. अज्ञानाला एक वेळ सबब असते. या गप्प बसण्याला माझ्याकडे कोणतीही सबब नाही.

परवा महादेवी घरी आली. वडिलांची वाकस आता ती चालवते, हे आपण जाणता. तिच्या पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक तिने स्वतः केलेली काठवट. दुसरा तो जुना अर्ज. मलप्पांनी तो हत्यारांच्या पेटीत जपून ठेवला होता. ती म्हणाली, "सर, अवंदा प्रदर्शनात ठिवायचं म्हणते. काठ बरोबर करून आणू का? आप्पांचं नाव एकदा तरी आत लागू द्या."

मी विचारले, "आप्पा शेराबद्दल काय म्हणायचे?"

"म्हणायचे, सरांचं अक्षर लई देखणं हाय."

महादेवी, मी परवा तुला फक्त थांब म्हणालो. उत्तर सर्वांसमोर द्यायचे होते. काठाला हात लावू नकोस. तुझी काठवट या वर्षी प्रदर्शनात पहिल्या टेबलावर असेल आणि तिच्याशेजारी पिठाची परात ठेवलेली असेल. ज्याला मत द्यायचे असेल, त्याने आधी भाकरी थापावी. समितीनेसुद्धा. अध्यक्षापासून सुरुवात होईल.

तो अर्ज माझ्यासमोर आहे. जुन्या शेऱ्याखाली थोडी जागा मोकळी आहे. तिथे लिहिलेले आता वाचतो आणि सही करतो. माझा हात हल्ली सावकाश चालतो. सही पूर्ण होईपर्यंत आपण सर्वांनी मलप्पांसाठी उभे राहून शांत राहावे.

"वरील शेरा चुकीचा आहे. मी वस्तू मोजली, तिच्यात हात घातला नाही. काठ जितका उतरायला हवा, तितकाच उतरलेला होता.

— माधव केशव कळंबकर, अध्यक्ष, निवड समिती"