टँकरच्या रांगेतली बंदूक

काल टँकरचं पाणी इंदूपर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणून आज ती उजाडताच उदगीरमधल्या टँकरच्या रांगेत येऊन उभी राहिली. मागं दोघी बोलत होत्या.

“गंगम्मा, शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं, त्याची काल तालीम झाली म्हणं?”

“हाव. उदगीर जिल्हा होणार म्हणून असले सरकारी कागद लई येऊन राहिलेत.”

“त्यापेक्षा मास्तरलाच बंदूक द्यावी.”

“त्यो रोज चष्मा हौदावर विसरतो. बंदूक कुठं विसरंल, सांग.”

“मंग तालमीत केलं काय?”

“शाळेचा शिपाई चंद्रप्पा बांबूची काठी रोखून बंदूकवाला झाला. पोरांनी बाकाखाली लपायचं.”

“शाळेत बाक हायेत कुठं?”

“न्हाईत. पोरं सतरंजीखाली शिरली. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. पोरं पळाली, मास्तर पळाला.”

“आन् बंदूकवाला?”

“त्यो सगळ्यांच्या आधी. काल पाण्याच्या रांगेत पहिला नंबर त्याचाच.”

इंदूच्या पुढचा माणूस मागं वळला. खांद्यावरच्या बांबूच्या काठीच्या दोन्ही टोकांच्या घागरी त्यानं खाली उतरवल्या आणि काठी तिच्यापुढं केली.

“ताई, बंदूक जरा धरा. टँकर आलाय.”